पत्रा फोडू नका, उतरवा

नागपूरकडून येणारी गाडी सांत्रागाछी सोडल्यावर हावड्यात शिरायला जीव खाते. दासनगर, टिकियापाडा, मग यार्ड, मग सिग्नल. त्या अर्ध्या तासात खिडकीतून दिसतं ते हावड्याचं छप्पर. राखाडी, नालीदार, शेवाळ धरलेले सिमेंटचे पत्रे, त्यांवर वाऱ्याला अडवायला ठेवलेल्या विटा आणि जुने टायर, मधूनच चढलेला दुधी भोपळ्याचा वेल. आपल्याकडे त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, नाहीतर सरळ 'एव्हरेस्टचा पत्रा'. इथं म्हणतात 'अ‍ॅसबेस्टॉसेर चाल'. बंगालीत चाल म्हणजे छप्पर. आपल्या चाळीशी त्याचा संबंध नाही, पण गिरणगावात वाढलेल्या माझ्या सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते खूश झाले होते.

ही माझी कोलकात्यातली पहिली पोस्टिंग. इथं मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात 'बर्गी' हा शब्द ऐकवला जातो. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून १७४२ साली शहराभोवती खणलेल्या खंदकाची गोष्टही ऐकवली जाते. आता फोर्ट विल्यमचं नाव विजय दुर्ग झालंय आणि दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी द्वार. त्यामुळे बंगाली मित्रांना चिडवायची पाळी आमची आहे. पण आजचा विषय किल्ल्यातला नाही, हुगळीच्या पलीकडच्या काठावरचा आहे.

हावड्यात हे पत्रे इतके का, याला गरिबी हे एकच उत्तर नाही. इथल्या वस्त्यांमधून 'ठिका' नावाची भाडेकरूची पद्धत चालत आली. जमीन एकाची, तिच्यावरची खोली दुसऱ्यानं बांधलेली आणि तिच्यात राहणारा बहुधा तिसराच. जमीन आपली नसताना वर स्लॅब कोण टाकणार? कायद्यालाही ती बांधकामं बराच काळ कच्चीच अपेक्षित होती. म्हणून आधी टाली, म्हणजे कौलं, आणि नंतर पत्रा आला. ज्यूट गिरण्या, फौंड्र्या, छोटी वर्कशॉपं यांच्यावरही तोच. शिबपूर-सालकियातल्या जुन्या मध्यमवर्गीय घरांत खाली चुन्यात बांधलेल्या दोन हात जाड भिंती असतात आणि वर गच्चीवर मागाहून काढलेली, पत्र्याची एक-दोन खोल्यांची भर.

अशाच एका घरातून मला फोन आला. आमच्या युनिटशी जोडलेल्या ईएमईच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचा मेकॅनिक असलेले सुभेदार साहेब निवृत्तीनंतर शिबपूरला वडिलोपार्जित घरात राहतात. मुलगा बंगलोरला असतो. त्याला बाळ झालंय, पूजेला सगळे येणार आहेत. मुलानं कुठंतरी अ‍ॅसबेस्टॉसबद्दल वाचलं आणि फर्मान काढलं, की बाळ यायच्या आधी गच्चीवरचा सगळा पत्रा काढून टाका. सुभेदार साहेबांनी हुकूम मानला. ठेकेदार ठरवला. दोन पोरं, दोन हातोडे आणि एक पहार. वरून फोडत यायचं, तुकडे गल्लीत टाकायचे, संध्याकाळी हातगाडीवरून न्यायचे. अर्ध्या दिवसाचं काम. "साब, रविवारी फोडतोय, सोमवारी नवीन पत्रे चढवतो, रंग कुठला घेऊ?" एवढंच विचारायला फोन होता.

मी सॅपर आहे. पाडकाम आम्हाला शिकवतात आणि ते आम्हाला आवडतंही, उगाच खोटं कशाला बोला. पण त्यांना म्हटलं, साहेब, मी येईपर्यंत हातोडा लावू देऊ नका. हा लेख त्यामुळे लिहितोय, कारण मुलाचं म्हणणं बरोबर होतं, बापाची तयारी प्रामाणिक होती, आणि दोन्ही मिळून जे होणार होतं ते पत्रा तसाच ठेवण्यापेक्षा कितीतरी वाईट होतं.

अ‍ॅसबेस्टॉस हा दगडच आहे, पण पिंजता येणारा. खाणीतून निघालेला हा खनिज कापसासारखा तंतू-तंतू होतो, जळत नाही, कुजत नाही, आम्लाला फारसा दाद देत नाही. पांढरा, तपकिरी आणि निळा ही त्याची बाजारातली मुख्य रूपं. आपल्या पत्र्यात असतो तो पांढरा, क्रायसोटाइल. बाकी सगळं सिमेंट आणि राख, तंतू साधारण आठ ते पंधरा टक्के. सिमेंटनं ते घट्ट धरून ठेवलेले असतात. तंतू हवेत सुटला तर मात्र तो इतका बारीक असतो, की सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात त्यांची जाडी तीन मायक्रॉनच्या आत असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. नाक तो अडवू शकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसला की शरीराला तो विरघळवून बाहेर काढणं जड जातं. त्यातून फुप्फुस निबर होणारा अ‍ॅसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे आजार होतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅसबेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यालाही, माणसाला कर्करोग करणारा पदार्थ मानते. कामाच्या जागी झालेल्या संसर्गातून जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. आणि आजार दिसतो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. गोळी लागलेली कळायला तीस वर्षं लागत असतील, तर आड कोण घेईल?

पण डोक्यावर शांत पडलेला, न तडकलेला पत्रा तंतू सोडत नाही, किंवा फारच थोडे सोडतो. सोडतो तेव्हा, जेव्हा त्याला करवत लावतात, ड्रिल मारतात, तारेच्या ब्रशनं घासतात, हातोड्यानं फोडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर खूण केलेला, कुंपण घातलेला सुरुंग कुणाला मारत नाही. मारतो तो घाईघाईनं काढताना. बाळासाठी म्हणून पूजेच्या आधी आठवडाभर घरभर धूळ उडवायची, ती धूळ चादरींत, पंख्यांवर, खिडकीच्या खाचांत बसू द्यायची आणि मग तिथं बाळ आणायचं! आणि ती दोन पोरं, तोंडाला गमछा बांधून दिवसभर त्यातच. त्यांचं वय अठरा-वीस. त्यांना आजार होईल तेव्हा ते कुठल्या गावात असतील आणि कुठल्या घराचा पत्रा त्यांनी फोडला होता, हे कुणाला आठवणार?

आता तपासणीबद्दल. मुलाचं म्हणणं होतं, की आधी नमुना 'टेस्ट' करून घ्या. विलायतेत हे बरोबर आहे. ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅसबेस्टॉसवरही १९९९ साली बंदी आली, त्यामुळे घर त्यानंतरचं असेल तर प्रश्न मिटतो आणि आधीचं असेल तर तपासतात. आपल्याकडे अशी रेघ ओढलेलीच नाही. खाणींना नवे पट्टे देणं सरकारनं १९८०च्या दशकातच थांबवलं, पण पत्रे बनवणं आणि त्यासाठी रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून क्रायसोटाइल आणणं आजही कायदेशीर आहे. आयात करणाऱ्या देशांत आपण अगदी वरच्या रांगेत आहोत. म्हणजे 'जुनं घर' ही खूणच इथं फसवी. गेल्या वर्षी चढवलेला पत्राही अ‍ॅसबेस्टॉसचा असू शकतो.

म्हणून माझं मत असं, की नालीदार सिमेंटचा पत्रा तपासायला पैसे घालवू नका. तो अ‍ॅसबेस्टॉसचा आहे असंच धरून चाला. पत्र्याच्या आतल्या बाजूला छाप शाबूत असेल तर आयएसआयच्या चिन्हाजवळ मानकाचा आकडा बघा. आयएस ४५९ असेल तर विषय संपला, ते मानकच अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचं आहे. हल्ली सेल्युलोज आणि कृत्रिम तंतू घातलेले, अ‍ॅसबेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर तर जाऊच नका.

तपासणी खरी लागते ती संशयाच्या जागी. जुन्या गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या पाइपावरचं पांढरं, भुसभुशीत लिंपण. सपाट बोर्डाची फॉल्स सीलिंग. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातल्या बंगल्यातलं बॉयलरचं आच्छादन. हे बोटानं चुरडलं जात असेल तर पत्र्यापेक्षा दसपट सावध व्हा, कारण त्यात सिमेंटची पकड नाही आणि तंतूंचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. नमुना घ्यायचा झाला तर पंखा बंद, दारं बंद, बाकीचे बाहेर. जागेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, पकडीनं नखाएवढा तुकडा अलगद तोडायचा, एका पिशवीत आणि ती दुसऱ्या पिशवीत. जखम ओल्या फडक्यानं पुसून तिच्यावर रंग किंवा लांबी लावायची, फडकंही पिशवीतच. वर तारीख आणि जागा लिहायची. प्रयोगशाळेत तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तंतूचा प्रकार त्यात ओळखू येतो. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का आणि ती याच चाचणीसाठी आहे का, हे दोन्ही विचारा. पाण्याची आणि सिमेंटच्या ताकदीची मान्यता दाखवून गप्प करणारे भेटतात. मला भेटले.

यातली गंमत बघा. भूगर्भशास्त्रज्ञ रोज वापरतात ते यंत्र हेच. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मुख्यालय याच शहरात आहे. व्यवसायजन्य आजारांवर काम करणाऱ्या अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेचं पूर्वेकडचं केंद्र सॉल्ट लेकमध्ये आहे. ज्ञान आहे, यंत्र आहे, माणसं आहेत. नाही तो एवढाच, शिबपूरच्या माणसानं दोन पिशव्यांतला तुकडा घेऊन जावं असा काउंटर. पाणी तपासायला सरकारी प्रयोगशाळा तालुक्याला असते, माती तपासायला असते. घराचं छप्पर तपासायला जिल्ह्याला एक टेबल असायला काय हरकत आहे?

सुभेदार साहेबांचा पत्रा तडकलेला होता, दोन ठिकाणी गळत होता, त्यामुळे काढणंच योग्य होतं. शाबूत असता तर मी रंग लावून ठेवा म्हटलं असतं. चांगला अ‍ॅक्रिलिक थर बाहेरून आणि आतून, खाली सीलिंग, आणि दरवर्षी पावसाआधी एक नजर. पुष्कळ घरांना एवढंच पुरतं, आणि परवडतंही. प्रेशरनं धुवायचा मोह मात्र टाळा. शेवाळाबरोबर वरचा सिमेंटचा थरही निघतो आणि तंतू उघडे पडतात.

काढणं असं झालं. ठेकेदार तोच ठेवला. त्याला अर्ध्या दिवसाऐवजी दोन दिवसांची मजुरी दिली आणि सांगितलं, की एकही पत्रा फुटता कामा नये, फुटला तर पैसे कापणार. आश्चर्य म्हणजे त्याला हे लगेच पटलं. अक्खा उतरवायचा म्हणजे कारागिरी आली, हातोडा तर कुणीही मारतो. आपल्याकडे शेतात फवारणीला वापरतात तसला पाठीवरचा पंप आणला, त्यात पाणी आणि थोडा साबण. पत्र्याच्या दोन्ही बाजू भिजवायच्या, पण माणूस त्यावर उभा राहणार नाही. हा पत्रा माणसाचं वजन झेलत नाही. तो मोडून पडून दरवर्षी किती मजूर जिवानिशी जातात, ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असतं. कर्करोग तीस वर्षांनी, पडणं त्याच मिनिटाला. म्हणून खालून शिडी-पाळणा आणि वर आडव्या फळ्या. गंजलेले हूक पान्यानं फिरत नव्हते, ते पत्र्याला न खरचटता कापले. पत्रा दोरानं सोडला, फेकला नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर थप्पी, दुहेरी गुंडाळी, टेप, आणि वर बंगालीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत 'अ‍ॅसबेस्टॉस, फोडू नये'.

मास्कबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोविडनंतर सगळेच मास्कतज्ज्ञ झालेत. गमछा, कापडी मास्क, निळा सर्जिकल मास्क यांचा इथं उपयोग नाही. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा, गालाला घट्ट बसणारा हवा. दाढीवर बसत नाही. दोघांपैकी एका पोरानं दाढी राखली होती. त्याला वर चढवला नाही, फवारणीवर लांब ठेवला. झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, तो बारीक तंतू मागून हवेत सोडतो. ओली फडकी वापरायची आणि तीही गुंडाळून टाकायची. कपडे झटकायचे नाहीत, त्याच जागी भिजवायचे. नवऱ्याचे कामावरचे कपडे धुऊन मेसोथेलिओमा झालेल्या बायकांच्या नोंदी इंग्लंड-इटलीत आहेत. सुभेदारणीबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

त्यांच्या गप्प राहण्याचं कारण पत्रा नव्हता. सुभेदार साहेबांनी आयुष्यभर ब्रेक दुरुस्त केले. शक्तिमान, नंतरचे ट्रक, जोंगा. ड्रम उघडायचा, आत साठलेली काळी-करडी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकून काढायची, लायनर घासून बसवायचा. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असे. जुन्या सैनिकांनो, आठवा जरा. वर्कशॉपमधली ती भुकटी. स्वयंपाकघराच्या भट्टीच्या पाइपावरचं लिंपण. आग विझवायचं ब्लँकेट. जगभरच्या सैन्यांत मशीनगनची तापलेली नळी बदलायला मिळणारे जाड हातमोजे. नौदलातल्या बॉयलर रूमचं तर विचारूच नका. आणि शाळेतल्या प्रयोगशाळेतली बर्नरवर ठेवायची तारेची जाळी, मध्ये पांढरं गोल वर्तुळ असलेली? तेही तेच. ते खरवडायला किती मजा यायची!

सुभेदार साहेबांना दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागते. ज्या डॉक्टरांकडे ते गेले, त्यांनी विडी-सिगारेट विचारली, धंदा विचारला नाही. 'फौजी' एवढंच कागदावर. मला हे बदलायला हवंसं वाटतं आणि ते अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात अ‍ॅसबेस्टॉस उद्योगाला सांगितलं, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवा. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगणारा निकाल तो. कारखानदारांच्या नोंदी कुठं असतील देव जाणे. पण आपल्या रेकॉर्ड ऑफिसात प्रत्येक जवानाचा ट्रेड, प्रत्येक युनिट, प्रत्येक तारीख आहे. देशातल्या दुसऱ्या कुठल्या मालकाकडे इतकी जुनी आणि इतकी नेटकी नोंद असेल? ईसीएचएसच्या कार्डाला तो ट्रेड जोडा. व्हेइकल मेकॅनिक, बॉयलर, वेल्डर, प्लंबर असेल तर छातीच्या तपासणीत डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ते येऊ द्या. खर्च जवळजवळ शून्य. आणि त्या ट्रेडमधल्या आपल्या माणसांनी सिगारेट आजच सोडावी. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅसबेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होण्याहून बराच जास्त वाढतो.

हा विषय मराठी माणसाला परका नाही. १९२४ साली इंग्लंडातल्या रॉचडेलच्या कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ ही बाई वारली, तिच्या फुप्फुसांवरून डॉक्टर कुक यांनी या आजाराचं वर्णन केलं. १९३१ साली ब्रिटननं कारखान्यांतल्या धुळीवर नियम केले. आणि १९३४ साली हिंदुस्थानात अ‍ॅसबेस्टॉस सिमेंट कंपनी नोंदली गेली, तिचा कारखाना मुलुंडला उभा राहिला. घाटकोपरला ब्रेक लायनिंगचा. म्हणजे धूळ वाईट आहे हे कळून झाल्यावर ती आपल्याकडे आली. मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या किती घरांत आजोबांची ती नोकरी 'चांगली, पर्मनंट' म्हणून सांगितली जाते! हावडा-मुंबई मेलच्या वाटेवर, चक्रधरपूरपासून फार लांब नाही, चाईबासाजवळ रोरोच्या टेकड्या आहेत. तिथली अ‍ॅसबेस्टॉसची खाण १९८३ साली बंद पडली, मालक निघून गेले, खाणीचा पांढरट गाळ उतारावर तसाच राहिला. खालच्या गावातली पोरं त्याच्यावर घसरगुंडी खेळत मोठी झाली.

आपल्याला एकदाच याचा राग आल्याचं मला आठवतं. फ्रान्सची विमानवाहू नौका क्लेमांसो २००५च्या अखेरीस तोडण्यासाठी अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅसबेस्टॉसवरून केवढा गदारोळ झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी तिला परत बोलावलं. शेवटी ती इंग्लंडातल्या हार्टलपूलला तोडली गेली. बरोबरच झालं. पण २०१४ साली आपली स्वतःची विक्रांत मुंबईत दारूखान्याला तोडायला काढली, १९४५ साली ब्रिटनमध्ये पाण्यात उतरलेली, त्या काळच्या सगळ्या वाफेवरच्या युद्धनौकांसारखी. तेव्हा आपण अश्रू ढाळले ते इतिहासासाठी. गॅस कटर धरलेल्या माणसाच्या श्वासाबद्दल किती जण बोललो?

वादळं आता दोन्ही किनाऱ्यांवर येतात. २० मे २०२० ला अम्फान इथं आलं, लष्कराच्या तुकड्या झाडं हटवायला रस्त्यावर उतरल्या. माझा एक कोर्समेट त्यात होता. तो म्हणतो, झाडांखाली सर्वत्र पत्र्यांचा चुरा, आणि आमची पोरं तो हातांनी उचलत होती. दोनच आठवड्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. मदतकार्याच्या आमच्या सामानात दोर, करवती, जनरेटर असतात. त्यात फवारणी पंप, जाड पिशव्या आणि एफएफपी-३ मास्कची एक पेटी वाढवावी, अशी माझी सूचना मी योग्य त्या वाटेनं पाठवली आहे. तसंच कॅन्टोन्मेंटमधल्या जुन्या बॅरॅकी, गॅरेजं आणि आउटहाउसं यांची यादी आपणच आधी करावी. दुरुस्तीच्या निविदेत 'जुना पत्रा काढणे' ही एक ओळ असते, तिच्यात 'अखंड, भिजवून' हे दोन शब्द घातले तरी पुष्कळ झालं.

अ‍ॅसबेस्टॉसवर बंदी घाला म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, नवे पत्रे थांबायलाच हवेत. पण बंदी उद्या आली तरी आज डोक्यावर आहेत ते कोट्यवधी पत्रे राहतीलच, आणि बंदीच्या बातमीनं घाबरून लोक ते हातोड्यानं फोडत सुटले तर एका पिढीची धूळ एका वर्षात उडेल. म्हणून काढण्याची सोय आधी हवी. टाकायचा कुठं, हा तर खरा पेच. अ‍ॅसबेस्टॉसचा कचरा कसा पुरावा याचं आयएस ११७६८ हे मानक १९८६ पासून आहे. घातक कचऱ्याच्या अधिकृत जागाही आहेत: इथं हल्दियाला, आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला. पण त्या कारखान्यांसाठी. घरवाल्याचा पत्रा जातो खाडीत, खड्ड्यात, नाहीतर भागाडात. हावड्याचा बेलगाछियाचा भागाड, म्हणजे कचऱ्याचा डोंगर, मार्च २०२५ मध्ये खचला, आजूबाजूच्या घरांना तडे गेले, माणसांना हलवावं लागलं. त्या ढिगात किती पत्रे चुरून पडले असतील, कोण मोजणार?

सुभेदार साहेबांच्या गच्चीवर आता साधे रंगीत लोखंडी पत्रे आहेत, खाली उष्णतेसाठी थर. दुपारी तापतात, त्यांची तक्रार चालू असते. छातीचा स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी कागदावर ट्रेड लिहून पाठवलंय. उतरवलेले बावीस पत्रे मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे आहेत. गल्लीतले दोघे-तिघे गोठ्यासाठी मागून गेले, साहेबांनी दिले नाहीत. एका घराच्या बावीस पत्र्यांसाठी शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या हल्दियाला कुणी गाडी पाठवत नाही. शेजारच्या दोन घरांनीही हातोड्याऐवजी पाना लावायचं कबूल केलंय. आणखी एक घर मिळालं की ट्रकपुरता माल होईल.